खाणीत फोन नेत नाहीत

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

मंगळवारी तुमचे चार मिस्ड कॉल येऊन पडले होते आणि त्याखाली आईचा मेसेज, 'कुठे आहात'. प्रश्नचिन्हसुद्धा नाही. रात्री फोनवर 'जमिनीखाली होतो' म्हटल्यावर बाबा हसले, आई हसली नाही. वर फोटो पाठव म्हणालात. फोटो एकही नाही, म्हणून हे पत्र.

झालं असं, की वेल्सच्या डोंगरांत गाडीने भटकायचं ठरवलं होतं आणि तिसऱ्या दिवशी पावसाने पिच्छा पुरवला. तुमच्या जावयांना रस्त्याकडेला पर्यटनस्थळाची तपकिरी पाटी दिसली की गाडी आपोआप वळते. तशी ती ब्लायनाव्हन गावाजवळच्या 'बिग पिट' नावाच्या कोळशाच्या खाणीकडे वळली. खाण 1980 मध्ये बंद पडली आणि 1983 मध्ये तिचं संग्रहालय झालं. दाखवायला नेणारे बहुतेकजण पूर्वी खाणीतच काम केलेले. आम्हाला खाली नेणाऱ्या गृहस्थांचे हात बघून मला बाबांचे मित्र आठवले, ते वर्कशॉपमधले, ज्यांची नखं कधीच पूर्ण साफ व्हायची नाहीत.

खाली जाण्याआधी सगळ्यांचे खिसे रिकामे करतात. काडेपेटी, लायटर तर सोडाच. फोन, कॅमेरा, सेलवर चालणारं घड्याळ, गाडीची रिमोटवाली किल्लीसुद्धा वर ठेवायची. खाणीला अजूनही खाणीचेच कायदे लागू आहेत. कोळशातून मिथेन वायू निघतो आणि तो पेटायला बारीकशी ठिणगी पुरते. मग डोक्यावर दिव्याचं हेल्मेट, कमरेच्या पट्ट्याला बॅटरी आणि एक जड डबी. आग लागून हवेत विषारी वायू पसरला, तर या डबीतून श्वास घेत बाहेर पडायचं. पट्टा घातल्यावर मला एकदम आठ महिन्यांची गरोदर असल्यासारखं वाटलं. (आई, फक्त वाटलं.)

पिंजऱ्यासारख्या लिफ्टमधून 90 मीटर खाली गेलो. खाली थंडी, पायाखाली ओल आणि कुठे कुठे छत इतकं खाली की हेल्मेट आपटल्याचा आवाज रांगेत पुढून मागे येत राहतो. बाबा हौसेने वाकून चालतील. आई, तुझ्या गुडघ्यांना मात्र हे झेपायचं नाही. तू वरचं बघ, त्याबद्दल पुढे लिहिते.

एका लाकडी दाराशी थांबवून त्या गृहस्थांनी सांगितलं, की हवा हव्या त्या बोगद्यातून फिरावी म्हणून अशी दारं असत. दार उघडं राहिलं तर हवा भलतीकडे वळायची आणि वायू साचायचा. म्हणून कोळशाची गाडी आली की दार उघडायला आणि लगेच लावायला पाच-सहा वर्षांची पोरं बसवत, दिवसाचे बारा-बारा तास, पुष्कळदा अंधारातच. 1842 च्या कायद्याने बायका, मुली आणि दहा वर्षांखालच्या मुलांना खाली कामाला न्यायची बंदी झाली. मग आम्हाला सगळ्यांना दिवे बंद करायला लावले. डोळे मिटले काय, उघडले काय, काही फरक नाही. बाजूला थेंब पडत होते आणि ते मोजून वेळ काढता येईल असं मला वाटलं. अकरापर्यंत पोचले आणि कुणीतरी दिवा लावला.

पुढे तबेले. हो, खाली! प्रत्येक ठाणाच्या वर घोड्याच्या नावाची पाटी अजून आहे. 1913 च्या सुमारास ब्रिटनच्या खाणींत सत्तर हजार घोडे-तट्टं होती. इथली वर्षातून एकदा, खाणीला सुट्टी लागली की वर यायची. परत खाली न्यायला त्यांना कोण पकडत असेल, हे विचारायचं राहिलं.

आई, तुझ्यासाठी वरचं. 1939 मध्ये इथे कामगारांसाठी न्हाणीघर बांधलं. त्याआधी माणूस काळाठिक्कर घरी यायचा आणि चुलीपुढच्या पत्र्याच्या टबात अंघोळ करायचा. पाणी बायकोने आणायचं, तापवायचं, ओतायचं. घरात नवरा आणि दोन मुलं खाणीत असली आणि तिघांच्या पाळ्या वेगळ्या, तर त्या बाईचा दिवस कधी संपायचा? ती खाली कधी गेली नसेल, पण खाण तिच्याही पाठीवर होतीच. मला ते न्हाणीघर खाणीपेक्षा जास्त आवडलं.

आणि शेवटी बिल्ले. जुन्या खाणकामगाराला नंबर कोरलेला पितळी बिल्ला मिळायचा. खाली जाताना दिव्यांच्या खोलीत तो देऊन दिवा घ्यायचा, वर आल्यावर दिवा देऊन बिल्ला परत. पाळी संपली तरी खिळ्यावर बिल्ला लटकलेला असेल, तर माणूस अजून खालीच आहे. 1913 च्या ऑक्टोबरात वेल्समध्येच सेंघेनिथच्या खाणीत स्फोट झाला. 439 कामगार गेले, शिवाय सुटकेला गेलेला एकजण. त्या दिवशी त्या खिळ्यांकडे कोणी कसं बघितलं असेल. नंतर तुमचे चार मिस्ड कॉल पाहिले, तेव्हा मला ते खिळ्यावरचे बिल्लेच आठवले. 'पोचलात की कळवा' म्हणजे तेच की.

तर आई, यापुढे असं कुठे शिरायचं असेल तर आधी मेसेज टाकीन.

पण बाबा, तुम्ही रोज पहाटे फिरायला जाता आणि फोन चार्जरला लावून जाता, ते कुठल्या कायद्यात बसतं? नेणार नाही म्हणता ना, मग नका नेऊ. तुमच्या जुन्या सायकलच्या कुलपाची पितळी किल्ली ड्रॉवरमध्ये पडून आहे. बाहेर पडताना ती स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवायची, आलात की काढायची. साडेसातला किल्ली खिळ्यावरच दिसली, तर आई आधी शेजारच्या काकांना उठवेल आणि मग मला.

तुमची,
धाकटी