अण्वस्त्रांचा खर्च संसदेपुढे यावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अर्थसंकल्प आला की संरक्षणाच्या तरतुदीची चर्चा होते. २०२५-२६ साठी संरक्षण मंत्रालयाला सुमारे ६ लाख ८१ हजार कोटी रुपये मिळाले आणि त्यांतले सुमारे १ लाख ६० हजार कोटी निवृत्तिवेतनाचे आहेत, हे कोणालाही वाचता येते. मात्र अण्वस्त्रांवर वर्षाला किती खर्च होतो, हे त्या कागदपत्रांत एकत्र कोठेही सापडत नाही, कारण तो अणुऊर्जा विभाग, डीआरडीओ (संरक्षण संशोधन आणि विकास संस्था), नौदल अशा निरनिराळ्या खात्यांत विखुरलेला असतो.

अण्वस्त्रे मोडीत काढावीत असे मी म्हणत नाही. जगभरच्या शस्त्रास्त्रांचा अभ्यास करणाऱ्या सिप्री या संस्थेच्या जानेवारी २०२५ च्या अंदाजानुसार चीनकडे सुमारे ६००, आपल्याकडे १८० आणि पाकिस्तानकडे १७० अण्वस्त्रे आहेत; अशा शेजारात एकट्याने हात रिकामे करण्याचा सल्ला मला पटत नाही. पण १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर वर्षभरातच कारगिल घडले, म्हणजे घुसखोरी या अस्त्रांमुळे थांबली नाही, आणि नेहमीच्या सैन्यावरचा खर्चही कमी झाला नाही. अण्वस्त्रांचा धाक अण्वस्त्रांपुरताच असतो. त्या मर्यादित कामासाठी किती पैसा पुरे, एवढाच माझा प्रश्न आहे.

जानेवारी २००३ मध्ये सरकारने जाहीर केलेल्या धोरणात आपण पहिला वार करणार नाही, आणि साठा विश्वासार्ह पण किमान ठेवू, अशी दोन वचने आहेत. पहिल्याचा खर्च मोठा आहे. समोरच्याचा घाव सोसूनही प्रत्युत्तर देता यायचे असेल, तर काही अस्त्रे त्याला न सापडणाऱ्या जागी, म्हणजे समुद्राखाली, असावी लागतात. त्यासाठी २०१६ मध्ये 'अरिहंत' आणि ऑगस्ट २०२४ मध्ये 'अरिघात' या पाणबुड्या नौदलात आल्या. पण एक पाणबुडी गस्तीवर असताना दुसरी दुरुस्तीला गेलेली असू शकते. एक तरी सतत पाण्याखाली राहावी म्हणून ब्रिटनने चार बाळगल्या आहेत. शिवाय पाणबुडीवरून सोडायच्या 'के-१५' क्षेपणास्त्राचा पल्ला जेमतेम ७५० किलोमीटर, म्हणून साडेतीन हजार किलोमीटरचे 'के-४' आले. प्रत्येक टप्पा पुढच्या टप्प्याची गरज निर्माण करतो आणि त्यातला कोणताही अवाजवी वाटत नाही. 'अग्नी-५' वरून एकाहून अधिक अण्वस्त्रे नेण्याची चाचणीही मार्च २०२४ मध्ये झाली. हे सगळे किमान साठ्याच्या वचनात बसते का, हे एकूण खर्च समोर नसताना संसदेने कसे ठरवायचे?

खर्च सांगितला तर शत्रूला फायदा होईल, हा आक्षेप मी आमच्या चेंबूरमध्ये, जिथे भाभा अणुसंशोधन केंद्रात नोकरी केलेले कोणी ना कोणी शेजारी भेटतेच, अनेकदा ऐकला आहे. पाणबुडी कोठे आहे, अस्त्रे कोठे ठेवली आहेत, हे गुप्त राहिलेच पाहिजे. वार्षिक खर्चाच्या एकूण रकमेतून मात्र यातले काहीच कळत नाही. ब्रिटनने नव्या चार पाणबुड्यांसाठी ३१ अब्ज पौंड आणि वर १० अब्जांची राखीव तरतूद जाहीर करूनच जुलै २०१६ मध्ये पार्लमेंटमध्ये मतदान घेतले. ठराव ४७२ विरुद्ध ११७ मतांनी संमत झाला. त्यामुळे ब्रिटनची पाणबुडी शोधणे कोणाला सोपे झाले नाही.

आणखी एक. ९ मार्च २०२२ रोजी आपले ब्राह्मोस क्षेपणास्त्र चुकून सुटले आणि पाकिस्तानातील मियाँ चन्नूजवळ पडले. ते निःशस्त्र होते आणि जीवितहानी झाली नाही, हे नशीब. पुढे हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ करण्यात आले. अण्वस्त्रांच्या निधीतला किती भाग अशा चुका टाळणाऱ्या कुलपांवर, प्रशिक्षणावर आणि संपर्कव्यवस्थेवर जातो आणि किती नव्या अस्त्रांवर, हे तरी लोकप्रतिनिधींना कळायला हवे. माझ्या मते पहिल्यावर जास्त खर्च व्हावा.

म्हणून पुढील अर्थसंकल्पापासून अण्वस्त्रांवरील एकूण वार्षिक खर्चाची रक्कम प्रसिद्ध करावी, तिचा तपशील संरक्षणविषयक स्थायी समितीपुढे बंद दाराआड मांडावा, आणि नव्या पाणबुडीला मंजुरी देण्यापूर्वी तिच्या पूर्ण आयुष्यातील देखभालीचा अंदाज त्या समितीला द्यावा, अशी माझी मागणी आहे.

आपला,
एक वाचक, चेंबूर, मुंबई