तुझी हाडं अजून भरतायत

प्रिय मनू,

रविवारी फोनवर तू खुशीत सांगितलंस की वजन उतरलं, रात्रीचं जेवण बंद केलंस आणि दूधही सोडलंस. दिवसभर अभ्यासिकेत बसून अंग जड होतं, म्हणून तू हे केलंस, ते मला कळतं. पण तेव्हापासून माझ्या जिवाला चैन नाही. फोनवर तू "आई, नंतर बोलू" म्हणतेस, म्हणून सगळं लिहूनच काढते.

एक्स-रे विभागात मी रोज हाडंच बघते. लहान मुलाच्या मनगटाच्या फिल्मवर हाडाच्या टोकापाशी एक काळी रेघ दिसते. पालक घाबरतात, त्यांना वाटतं हाड तडकलं. तिथे कूर्चा, म्हणजे मऊ लवचिक हाड, असते आणि तिथूनच हाड लांबीला वाढतं. जन्मलेल्या बाळाला जवळपास 300 हाडं असतात, त्यातली कितीतरी वाढताना एकमेकांत जुळतात आणि मोठ्या माणसात 206 उरतात. तुझ्या त्या रेघा केव्हाच मिटल्या, उंची थांबली. हाड आतून भरणं मात्र थांबलेलं नाही. विशी ओलांडेपर्यंत मुलीचं बहुतेक हाड तयार झालेलं असतं, पण तिशीच्या आसपासपर्यंत त्यात थोडी थोडी भर पडत राहते. त्यानंतर भर पडायची थांबते आणि हळूहळू घट सुरू होते. तू एकवीस वर्षांची आहेस. ही शेवटची भर पडण्याची वर्षं आहेत आणि नेमक्या याच वर्षांत तू ताट अर्धं केलंस.

हाड म्हणजे कोरडा दगड नव्हे, ते जिवंत आहे. घराच्या स्लॅबमध्ये सळई आणि काँक्रीट असतं ना, तसं हाडात कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे आणि त्यावर बसलेले कॅल्शियम-फॉस्फेटचे खडे असतात. खड्यांनी हाड कडक होतं, धाग्यांमुळे ते थोडं लवतं. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी जुनं हाड पोखरून काढतात आणि मागून ऑस्टिओब्लास्ट नवीन हाड भरतात. मोठ्या माणसाचा सुमारे दहावा हिस्सा सांगाडा असा दरवर्षी नव्याने बांधला जातो. शरीरातलं 99 टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. उरलेलं एक टक्का रक्तात आणि पेशींत असतं, पण हृदयाचे ठोके आणि स्नायूंची हालचाल त्यावर चालते. म्हणून रक्तातलं कॅल्शियम शरीर कधी घसरू देत नाही. जेवणातून आलं नाही, की गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी हुकूम सोडतात आणि ते हाडातून काढलं जातं. दुखत नाही, खुपत नाही, कळत तर मुळीच नाही. साध्या एक्स-रेवर हाड विरळ दिसायला लागतं, तोवर जवळपास तिसरा हिस्सा गेलेला असतो.

पावसाळा लागला की आमच्याकडे मनगटं येतात. ओल्या अंगणात पाय घसरतो, बाई हात टेकवते आणि मनगटाच्या वरचं हाड मोडतं. अब्राहम कॉलीस या आयरिश सर्जनने 1814 साली, एक्स-रेचा शोध लागण्याच्या 81 वर्षं आधी, या मोडीचं वर्णन लिहून ठेवलं. डॉक्टर आजही चिठ्ठीवर कॉलीस फ्रॅक्चरच लिहितात. तुझ्या वयाचं कुणी तसं पडलं तर बहुधा मुका मार लागून उठतं. साठीतली बाई नुसती कळशी उचलते आणि कंबर धरली म्हणून येते. फिल्मवर बघावं तर मणका पुढून चेपलेला. त्यांना कुणी सांगितलेलं नसतं, की पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे हाडं जपणारं संप्रेरक कमी होतं आणि पुढची पाच-सात वर्षं हाड भराभर झिजतं. घरातल्यांना वाढून उरेल ते खाल्लेल्या या बायका. त्यांना टेबलावर झोपवताना माझा जीव तुटतो.

आपल्या घरात तर हे आहेच. तुझ्या आजीचं खुब्याचं हाड मोडलं, ते तू पाहिलंस. माझी डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजायची तपासणी झाली, टी-स्कोर (तरुण निरोगी हाडाशी तुलना करून येणारा आकडा) उणे 1.8 आला. उणे 2.5 किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार म्हणतात, म्हणजे मी अलीकडे आहे, पण फार लांब नाही. हाडं किती भरणार याचा मोठा भाग आईबापांकडून येतो. तो तुला बदलता येणार नाही. उरलेला भाग मात्र बराचसा तुझ्या हातात आहे आणि तो सोडू नकोस.

दिवसाला 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. कपभर दुधात सुमारे 240 मिळतं, तेवढ्याच दह्यातही जवळपास तितकंच. नाचणीच्या 100 ग्रॅम पिठात साडेतीनशेच्या आसपास, म्हणजे एका मोठ्या भाकरीत दोनशे धर. न सोललेल्या तिळाची चटणी मोठा चमचाभर घेतलीस तरी शंभराच्या वर जातं. शेवग्याचा पाला, कढीपत्ता हेही चांगलं. सुकट किंवा मांदेली काट्यासकट खाल्लीस तर उत्तमच. पालकावर भिस्त ठेवू नकोस. त्यात कॅल्शियम आहे, पण पालकातलंच ऑक्झलेट नावाचं द्रव्य ते धरून ठेवतं आणि अंगी फारसं लागत नाही. चहातलं दूध दुधात मोजू नकोस. डाळ, उसळ, अंडी सोडायची नाहीत, कारण हाडातल्या त्या कोलॅजनच्या धाग्यांना प्रथिनं लागतात. वजन कमीच करायचं असेल तर फरसाण आणि वडापाव कमी कर. नुसतं मीठ जास्त झालं तरी लघवीवाटे कॅल्शियम जातं.

आता ऊन. कॅल्शियम आतड्यातून अंगात यायला ड जीवनसत्त्व लागतं आणि ते कातडीत उन्हाने तयार होतं. आपण सगळे कोवळं ऊन चांगलं म्हणत आलो, पण ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण सकाळी लवकरच्या उन्हात फार कमी असतात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लहान पडेल, तेव्हाचं ऊन हवं. काचेतून ते किरण येत नाहीत, त्यामुळे अभ्यासिकेच्या खिडकीशी बसून उपयोग नाही. गाडीवर जाताना तू स्कार्फ, सनकोट, हातमोजे घालून डोळे तेवढे उघडे ठेवतेस, ते धुळीसाठी ठीक आहे. पण जेवणाच्या सुट्टीत हात उघडे ठेवून वीसेक मिनिटं गच्चीवर बस. मैत्रिणी घेतात म्हणून 60,000 युनिटची पुडी मनाने घ्यायची नाही. ते जीवनसत्त्व शरीरात साठतं आणि अति झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला त्रास होतो. आधी रक्त तपासून घे.

आणि पायांवर भार पडू दे. जितका जोर पडतो तितकं हाड स्वतःला घडवतं, हे युलियस वोल्फ या जर्मन सर्जनने 1892 सालीच मांडलं. अंतराळात भारच नसतो, तिथे खुब्याच्या हाडातून महिन्याला एक ते दीड टक्का घट होते. तू खुर्चीत बसून असतेस, म्हणून सांगते, पर्वतीची टेकडी तुझ्या खोलीपासून जवळ आहे, पायऱ्या चढत जा. गच्चीवर दोरीच्या उड्या मार. पोहणं छान, पण पाणी अंग तोलून धरतं, त्यामुळे हाडांना त्याचा उपयोग कमी.

एक गोष्ट मला कळायलाच हवी. पाळी वेळेवर येतेय का? पोटाला कमी घातलं की शरीर आधी पाळी लांबवतं, इस्ट्रोजेन घसरतं आणि विशीतल्या मुलीची हाडं पाळी गेलेल्या बाईसारखी झिजू लागतात. धावपटू आणि नृत्यांगना मुलींमध्ये डॉक्टरांना हे वारंवार दिसतं. तुझी पाळी चुकत असेल तर परीक्षा होईपर्यंत थांबू नकोस. मला फोनवर सांग, मी रजा टाकून येते, दोघी मिळून डॉक्टरांना दाखवू.

शनिवारी बाबा पुण्याला येतायत. त्यांच्याबरोबर नाचणीचं पीठ आणि तिळाची चटणी देतेय. पीठ महिनाभरात संपव, फार ठेवलंस तर खवट होईल. मेसच्या मावशींना आठवड्यातून दोनदा भाकरी करून द्याल का विचार, वेगळे पैसे लागले तर मी पाठवते. आणि आजपासून रात्री जेव.

तुझी,
आई