भात निम्मा, मासे तेवढेच

तीर्थरूप आई व बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

परवा फोनवर बाबांनी सांगितले, की सकाळच्या फिरायला येणाऱ्या मंडळींपैकी कोणीतरी त्यांना किटो आहाराचा, म्हणजे कर्बोदके जवळजवळ बंद करून स्निग्ध पदार्थांवर भर देणाऱ्या आहाराचा, तक्ता दिला असून सोमवारपासून घरात भात बंद होणार आहे. तुम्ही दोघांनी वजन उतरवायचे मनावर घेतले याचा मला आनंद आहे, आणि ताटातील कर्बोदके कमी करणे हा त्याचा चांगला मार्ग आहे, याविषयीही माझे दुमत नाही. मात्र बाबांनी पाठवलेला तो तक्ता मी नीट वाचला. त्यात चीज आहे, बदामाचे पीठ आहे, अ‍ॅव्होकाडो आहे आणि दिवसभराची कर्बोदके जेमतेम २० ग्रॅम आहेत. चिपळूणच्या बाजारात यातले काय मिळेल हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी बाबांच्या गोळ्यांचा प्रश्न उरतोच. म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आधी गोळ्यांविषयी. बाबा, तुम्ही सकाळी घेता ती मधुमेहाची ग्लिमेपिराइडची गोळी स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते, मग त्या दिवशी तुम्ही भात खाल्लेला असो वा नसो. ताटातली कर्बोदके एकदम उतरली आणि गोळी तेवढीच राहिली, तर रक्तातील साखर धोक्याच्या पातळीपर्यंत खाली येऊ शकते. दरदरून घाम येणे, हात थरथरणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे ही त्याची लक्षणे आहेत. रक्तदाबाच्या गोळीकडेही लक्ष हवे, कारण कर्बोदके कमी केल्यावर सुरुवातीला शरीरातून मीठ आणि पाणी बरेच बाहेर पडते आणि उठताना चक्कर येऊ शकते. तेव्हा आहार बदलण्याआधी डॉक्टरांना भेटा, मात्रा त्यांनाच ठरवू द्या, आणि जाताना क्रिएटिनिनची, म्हणजे मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते दाखवणारी, रक्ततपासणी करून तो कागद सोबत ठेवा, म्हणजे प्रथिने किती वाढवता येतील हेही त्यांना सांगता येईल. तोपर्यंत सोमवार पुढे ढकलावा, ही विनंती.

आता मूळ मुद्द्याकडे येते. किटो आहार १९२१ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये मांडला गेला तो अपस्माराच्या रुग्णांसाठी. वजन उतरवण्यासाठी त्याचा बोलबाला पुष्कळ नंतर झाला. त्यात पहिल्याच आठवड्यात काटा दोन किलोंनी खाली येतो आणि माणूस हरखून जातो, पण त्यातला मोठा भाग पाण्याचा असतो. यकृतात आणि स्नायूंत साठवलेल्या ग्लायकोजेनच्या, म्हणजे साठवणीतल्या साखरेच्या, प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी असते, आणि तो साठा संपला की ते पाणीही जाते. पुन्हा भात सुरू झाला की दोन्ही परत येतात. स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६०९ जणांवर वर्षभर केलेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कमी स्निग्ध आहार घेणाऱ्यांचे वजन सरासरी ५.३ किलोंनी, तर कमी कर्बोदके घेणाऱ्यांचे ६ किलोंनी उतरले. म्हणजे दोहोंत सांगण्यासारखा फरक नव्हता. दोन्ही गटांत काहींचे वजन भरपूर उतरले आणि काहींचे उलट वाढले. माझ्या मते आहाराच्या नावाला फार महत्त्व देऊ नये. पुढच्या शिमग्यापर्यंत तो आपल्या घरात टिकेल का, एवढे पाहावे. दीक्षितांची दोन वेळा जेवण्याची पद्धत बाबांना माहीत आहेच, परंतु तिचा भर कितीदा खावे यावर आहे, आणि गोळी घेऊन इतका वेळ उपाशी राहणे हेही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करण्यासारखे नाही.

दिवसाला १३० ग्रॅमपेक्षा कमी कर्बोदके म्हणजे कमी कर्बोदकांचा आहार, असे सर्वसाधारणपणे मानतात, आणि मला तुमच्यासाठी याच्या आसपासचाच टप्पा योग्य वाटतो. १०० ग्रॅम शिजलेल्या भातात सुमारे २८ ग्रॅम कर्बोदके असतात, म्हणजे आपल्याकडील मोठ्या वाटीत ४० ग्रॅमच्या आसपास. बाबा दुपारी दोन आणि रात्री दोन वाट्या भात घेतात. सकाळचे घावणे आणि चहातली साखर त्यात मिळवली, की हिशेब २०० च्या बराच पुढे जातो. दोन्ही वेळा एकच वाटी भात, घावण्यांऐवजी आठवड्यातील बहुतेक दिवस अंडी किंवा मुगाची धिरडी, आणि चहा बिनसाखरेचा, एवढे केले तरी बरेचसे साधते. मावशी सांगते म्हणून भाताऐवजी ज्वारीची भाकरी पोटभर खाऊ नका. ज्वारीत तंतू अधिक असतात हे खरे, पण १०० ग्रॅम पिठात कर्बोदके सत्तर ग्रॅमच्या जवळपास असतातच.

भात निम्मा झाला तरी मासे कमी करायचे नाहीत. बांगड्यात, तारलीत कर्बोदके नसतात आणि प्रथिने भरपूर असतात, आणि साठीनंतर वजन उतरवताना स्नायू झडू नयेत यासाठी त्यांचीच गरज असते. बांगडा तव्यावर परतताना तांदळाच्या पिठाचा जाड थर मात्र नको. ओल्या नारळाचे वाटप ठेवा, पण मोजून, कारण स्निग्ध पदार्थांच्या एका ग्रॅममागे नऊ कॅलरी असतात आणि कर्बोदकांच्या एका ग्रॅममागे चारच. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत आणि श्रावणात कुळथाची पिठी दाट करून वाटीभर घ्यावी, भात तिच्या सोबतीपुरता. काळ्या वाटाण्याची उसळही चालेल. सुकट मला स्वतःला फार आवडते, पण तिच्यातले मीठ बाबांच्या रक्तदाबाला मानवणारे नाही.

आई, तुझे उपास मोडायला मी सांगणार नाही. मात्र साबुदाणा हा जवळपास निव्वळ स्टार्च आहे. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सत्त्याऐंशीच्या घरात कर्बोदके असतात, त्यामुळे तुझी चतुर्थी आणि एकादशी तुझ्या रोजच्या जेवणापेक्षाही जड होते. त्याऐवजी तांबडा भोपळा वाफवून, दही आणि दाण्याचे कूट घालून, वर तूप-जिऱ्याची फोडणी दिलेले भरीत कर. सोबत शेंगदाण्याची आमटी, तिच्याखाली दोन चमचे वरी, आणि नंतर ताक. खिचडी वर्षातून एकदा, महाशिवरात्रीला. बाबा तुझ्या उपासाच्या दिवशी स्वतःचा उपास नसतानाही तुझ्या ताटातली खिचडी संपवतात, हे मला ठाऊक आहे, म्हणून हा बदल दोघांच्याही पथ्यावर पडेल. स्वयंपाक एकच राहील, हेही तुझ्या दृष्टीने महत्त्वाचे; बाबांचा तक्ता पाळायचा म्हटला असता, तर तुला दोन वेळा दोन स्वयंपाक करावे लागले असते, आणि बदामाच्या पिठाची पोळी थापायला मीही आले नसते.

रोज काट्यावर उभे राहू नका; आठवड्यातून एकदा, सकाळी चहाआधी वजन केले तरी पुरे. त्याच वेळी आईच्या शिवणाच्या डब्यातील टेपने कंबरेचे मापही घ्यावे. आपल्याकडील लोकांसाठी पुरुषांची ९० सेंटीमीटर आणि स्त्रियांची ८० सेंटीमीटर ही मर्यादा धरतात. वजन अडले तरी पुष्कळदा कंबर उतरत असते. महिन्याला दोन किलो गेले तर उत्तम, एक गेला तरी चालेल.

डॉक्टरांची वेळ ठरली की कळवा, मी त्या दिवशी रजा काढून येते. बाबांनी सध्या घेत असलेल्या सर्व गोळ्यांची नावे एका कागदावर लिहून ठेवावीत.

तुमची,
लेक