सांडपाण्याच्या तळ्यावरच्या काकांना

काका, सा. न.

तुमचं नाव विचारायचं राहिलं आणि तुमचा दोर माझ्या गाडीच्या डिकीत राहिला. म्हणून हे पत्र असं जाहीर लिहितोय. तुमच्या गावातलं कुणीतरी वाचेल आणि तुम्हाला दाखवेल.

पक्षी बघत गाडीतून फिरणारा तो माणूस मी. चार दिवसांत सात छोटी गावं असा बेत होता. प्रत्येक ठिकाणी तासभर थांबायचं, वहीत नावं टिपायची, की निघालो पुढे. तुमचं गाव त्या सातांत नव्हतंच. पण सांडपाणी प्रक्रिया केंद्राची पाटी दिसली आणि गाडी आपसूक वळली. लोक यावर हसतात. हसोत. उथळ पाणी, मऊ गाळ, त्यात अळ्यांची रेलचेल आणि माणसांची वर्दळ नाही. पाखरांना आणखी काय हवं? मेलबर्नजवळच्या वेरिबीचं सांडपाणी केंद्र तर १९८२पासून रामसर पाणथळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, भाग आहे. हे सगळं मी तुमच्या फाटकावर उभं राहून ऐकवलं. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "वास चालत असेल तर या."

थापट्या बदकांना तुम्ही 'घाण्याचे बैल' म्हणता, ते ऐकून मी हसलो होतो. मग नीट बघितलं. दहाबाराजण एकामागोमाग गोल फिरत होते. त्या फिरण्यानं पाण्यातलं खाणं ढवळून वर येतं आणि चोचीच्या कडेच्या बारीक कंगव्यातून ते गाळून घेतात. इतकी वर्षं ८ बाय ४२ची दुर्बीण गळ्यात बाळगतोय, पण थापट्या दिसला की नाव लिहून मोकळा व्हायचो. तुमच्याशेजारी अर्धा तास नुसता बघत बसलो.

पण आभार खरे बांधावरच्या प्रकाराचे मानायचे आहेत. माणूस पायी दिसला की पक्षी उडतात, गाडीला तितके बिचकत नाहीत, म्हणून मी शहाणपणानं गाडी बांधावर घातली. तुम्ही ओरडलात. मी ब्रेक मारला, तर समोर कंठेरी चिखल्या, पाणथळीतलं छोटंसं पाखरू, एक पंख मातीत फरफटत चाललेला. जखमी आहे म्हणून मी उतरून त्याच्यामागे निघालो.

"पाखराला काही झालेलं नाही. सोंग करतंय. तुम्ही त्याच्याकडे बघताय ना, मग जमलं त्याचं."

पुढच्या चाकापासून वीतभरावर चार अंडी होती. तुम्ही बोट दाखवूनही मला दिसेनात, खडीत खडीच वाटत होती. हे सोंग मला पुस्तकातून पाठ होतं, काका. समोर घडलं तेव्हा मात्र साफ फसलो. फोटो काढायला वाकलो तर तुम्ही खांद्याला धरून मागे ओढलंत: "आधी त्यांना बसू द्या. या उन्हात उघडी राहिली तर अंडी शिजतील." नर-मादी आळीपाळीनं बसतात, तेही तुम्ही लांबून दाखवलंत.

त्यानंतर गाडी मागे घेताना चाक गाळात रुतवलं, तुम्ही ट्रॅक्टर आणि दोर आणलात, आणि एका शब्दानंही टोमणा मारला नाहीत. मी तुमच्या जागी असतो तर मारला असता.

निघताना एक पाहिलं. घरट्याच्या कितीतरी अलीकडे तुम्ही चुन्यानं आडवी रेघ मारली होती, ट्रॅक्टरनं तिथूनच वळावं म्हणून. खूण घरट्यापाशीच का नाही, असं विचारलं तर म्हणालात, "ती खूण पहिल्यांदा कावळा वाचेल."

त्या रात्री ईबर्डवर, म्हणजे पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर, यादी भरली. घरट्याबद्दल चकार शब्द लिहिला नाही, फोटो टाकला नाही. एरवी टाकला असता, हे कबूल करतो. उरलेल्या तीन गावांपैकी दोन गाळली आणि एकाच तळ्यावर दिवसभर बसलो. यादी तोकडी झाली.

साडेतीन आठवड्यांच्या आसपास अंडी फुटतात, म्हणजे आत्तापर्यंत पिल्लं बांधावर धावत असतील. चारही निघाली का? दोर घेऊन येतोच आहे. गाडी या खेपेला फाटकाबाहेर लावेन.

तुमचा,
गाळात रुतलेला