‘९९ टक्के’ गेले, पण उरले किती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उत्प्रेरक (रासायनिक क्रिया वेगाने घडवणारे द्रव्य) वापरून पाण्यातली प्रतिजैविके नष्ट केल्याच्या बातम्या अधूनमधून छापून येतात. त्यांत बहुधा एकच आकडा असतो : ‘तासाभरात ९९ टक्के’. आकडा खोटा नसतो. पण पाणी सोडण्यालायक झाले की नाही, हे त्यावरून कळत नाही.

हिशेब करून पाहा. प्रयोगशाळेत सहसा लिटरमागे १० मिलिग्रॅम सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक घेतात. त्यातले ९९ टक्के गेले तरी लिटरमागे १०० मायक्रोग्रॅम उरते. जिवाणूंमध्ये औषधाला दाद न देणारे वाण फोफावू नयेत म्हणून या औषधासाठी धरली जाणारी मर्यादा आहे लिटरमागे सुमारे ०.०६ मायक्रोग्रॅम. दीड हजार पटींहून जास्त फरक! नदीत मिसळून पाणी विरळ होईल हे धरले तरी तो सहजी भरून निघत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रतिजैविकांच्या कारखान्यांतील सांडपाण्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांतही भर पाण्यात उरणाऱ्या प्रमाणावरच आहे.

शिवाय ‘गेले’ म्हणजे नेमके काय झाले, हेही विचारायला हवे. प्रकाश पडल्यावर काम करणाऱ्या टायटॅनियम डायऑक्साईड या उत्प्रेरकाची पूड (लिटरमागे साधारण अर्धा ते एक ग्रॅम) टाकल्यावर बरेचसे औषध तुटत नाही, नुसते पुडीला चिकटते. म्हणून दिवा लावण्याआधी मिश्रण अर्धा तास अंधारात ढवळायचे, नमुना घ्यायचा आणि तिथून मोजायला सुरुवात करायची. पूड न घालता फक्त प्रकाशाचा वेगळा प्रयोगही हवाच, कारण टेट्रासायक्लिनसारखे प्रतिजैविक नुसत्या प्रकाशानेही तुटते आणि श्रेय उत्प्रेरकाला जाते. सिप्रोफ्लॉक्सॅसिनचा रेणू तर कडेने कुरतडला जातो : आधी बाजूचे पिपरॅझिन नावाचे कडे फुटते, क्विनोलोन हा मधला गाभा शाबूत राहतो. यंत्रावर मूळ औषधाची खूण नाहीशी झालेली दिसते, पण उरलेल्या तुकड्यांपैकी काहींत जिवाणू मारण्याची ताकद शिल्लक असू शकते. म्हणून एकूण सेंद्रिय कार्बन मोजावा (तुकडे धरून किती सेंद्रिय द्रव्य उरले ते त्यावरून कळते) आणि प्रक्रिया केलेले पाणी संवेदनशील जिवाणूंवर तपासावे. प्रक्रियेत हायड्रोजन पेरॉक्साईड वापरले असेल आणि ते त्या पाण्यात उरले असेल तर आधी ते कॅटलेज विकराने मोडावे. नाहीतर जिवाणू पेरॉक्साईडने मरतील आणि दोष औषधाच्या तुकड्यांवर येईल.

खरी अडचण खऱ्या पाण्यात. उत्प्रेरकावर तयार होणारा हायड्रॉक्सिल मूलक (औषध तोडणारा अतिक्रियाशील कण) आपला-परका पाहत नाही, समोर येईल त्याच्यावर तुटून पडतो. पाण्यात विरघळलेल्या बायकार्बोनेट क्षाराशी त्याची क्रिया औषधाच्या तुलनेत शेकडो पट मंद असते हे खरे. पण पाण्यात लिटरमागे ३०० मिलिग्रॅम बायकार्बोनेट आणि १० मायक्रोग्रॅम सिप्रोफ्लॉक्सॅसिन असेल, तर बायकार्बोनेटचे कण दीड लाख पटींहून अधिक भरतात. बहुतेक मूलक तिथेच खर्ची पडतात. ऊर्ध्वपातित पाण्यातला निकाल सांडपाण्याला लावता येत नाही तो यामुळे. त्यात गढूळपणा असेल तर प्रकाश काही सेंटिमीटरच्या पुढे पोचत नाही. आणि टायटॅनियम डायऑक्साईडला लागणारे ३८८ नॅनोमीटरच्या आतले किरण सूर्यप्रकाशात जेमतेम ४-५ टक्के असतात.

त्यामुळे शेवटच्या टाकीत, सगळे पाणी एकत्र झाल्यावर उत्प्रेरक वापरणे आम्हाला उधळपट्टी वाटते. औषध दाट असलेला छोटा प्रवाह उगमापाशीच वेगळा काढावा आणि तिथे १८९४ पासून माहीत असलेली फेंटन प्रक्रिया करावी, म्हणजे लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साईड यांच्यापासून तेच मूलक तयार करावेत. ती नवी नाही म्हणून बातमीत येत नाही, इतकेच. सामू (pH) ३ च्या आसपास आणायचा, फेरस सल्फेट हा लोहाचा क्षार विरघळवायचे आणि हायड्रोजन पेरॉक्साईड थोडे थोडे सोडायचे. एकदम ओतले तर जादा पेरॉक्साईड स्वतःच मूलक गिळते, शिवाय पाणी तापते आणि फेसाळते. सगळे सेंद्रिय द्रव्य जाळायचे तर सीओडीच्या (ते द्रव्य रासायनिकरीत्या जाळायला लागणाऱ्या ऑक्सिजनच्या) २.१२५ पट पेरॉक्साईड लागते. सीओडी लिटरमागे ५०० मिलिग्रॅम असेल तर हजार लिटरला ३० टक्क्यांचे सुमारे ३.२ लिटर द्रावण. शेवटी चुन्याने किंवा कॉस्टिक सोड्याने सामू ७-८ वर आणला की लोह गाळ होऊन बसते. या गाळात न तुटलेले औषधही अडकलेले असू शकते. तो साध्या गाळात मिसळू नये. उरलेल्या पेरॉक्साईडमुळे सीओडीची चाचणी फुगलेला आकडा दाखवते (प्रत्येक मिलिग्रॅममागे सुमारे ०.४७), आणि तेच पाणी पुढे जैविक टाकीत गेले तर तिथले जिवाणू मरतात.

उत्प्रेरकाच्या नॅनो, म्हणजे अतिसूक्ष्म पुडीचे तर वेगळेच. ती खाली बसत नाही, पटलाने गाळावी लागते. काचेवर किंवा सिरॅमिकवर बसवली तर वाहून जात नाही, पण औषध तिच्यापर्यंत पोचायला वेळ लागतो आणि वेग घटतो. पेरॉक्सिमोनोसल्फेट या ऑक्सिडीकारकाबरोबर कोबाल्ट धातूचे उत्प्रेरक वेगवान ठरतात, मात्र कोबाल्ट पाण्यात उतरते. दर फेरीनंतर गाळून घेतलेल्या पाण्यातले कोबाल्ट मोजायला हवे आणि त्याच गाळलेल्या पाण्यात, उत्प्रेरकाशिवाय, नवे पेरॉक्सिमोनोसल्फेट घालून औषध तुटत राहते का तेही पाहायला हवे. तुटत राहिले, तर काम घन उत्प्रेरक नव्हे, विरघळलेले कोबाल्ट करत होते.

आपले,
सांडपाणी प्रक्रियेतील काही तंत्रज्ञ