शिंतोबद्दल थोडं, इसेबद्दल जास्त

नागोया

प्रिय विनय,

तुझं पत्र मिळालं. 'शिंतो धर्मात नेमकं मानतात तरी काय?' असं तू विचारलंस. मला वाटतं, जपानच्या या मूळ धर्मात मानण्यापेक्षा करण्याला महत्त्व आहे. या धर्माला संस्थापक नाही. इ.स. ७१२ च्या 'कोजिकी' या ग्रंथात देवांच्या आणि या बेटांच्या जन्मकथा आहेत, पण माणसाने कसं वागावं याच्या आज्ञा त्यात सापडत नाहीत.

इथले देव म्हणजे 'कामी'. डोंगर, धबधबा, जुनं झाड, कधी माणूससुद्धा. सुगावारा नो मिचिझाने हा विद्वान ९०३ साली हद्दपारीत वारला. आज परीक्षा जवळ आली की विद्यार्थी त्याच्या देवळात नवस लिहिलेल्या लाकडी पाट्या टांगतात. नारा प्रांतातल्या ओमिवा देवळाला तर गाभाराच नाही. मागचा मिवा डोंगर हाच देव, आणि आपल्याकडची देवराई राखावी तसा तो राखलेला.

देवळात शिरताना हात धुवायचे, चूळ भरायची. मग दोनदा वाकून नमस्कार, दोन टाळ्या, पुन्हा एक नमस्कार. इझुमोच्या देवळात मात्र टाळ्या चार. मूल जन्मलं की देवळात नेतात, पण मृत्यूचा विटाळ मानतात, म्हणून अंत्यविधी बहुतेक घरांत बौद्ध पद्धतीने होतो. यात कुणाला काही विसंगत वाटत नाही.

पण खरं सांगायचंय ते इसेच्या देवळाबद्दल. सूर्यदेवी आमातेरासूचं हे देऊळ दर वीस वर्षांनी शेजारच्या रिकाम्या जागेवर नव्याने बांधतात. हिनोकीचं, म्हणजे जपानी सायप्रसचं कोरं लाकूड, गवताचं छप्पर. देवीची वस्त्रं, तलवारी, भांडीसुद्धा नवी घडवतात. ही प्रथा ६९० पासूनची. पंधराव्या-सोळाव्या शतकांतल्या यादवीत ती शंभराहून अधिक वर्षं खंडित झाली आणि तरी पुन्हा उभी राहिली. नव्या देवळात देवीचं गेलं स्थलांतर २०१३ मध्ये झालं, ते बासष्टावं. जुनं लाकूडही वाया जात नाही. मुख्य देवळांचे मोठे खांब इसेतल्याच उजी पुलाच्या दोन टोकांची तोरी, म्हणजे प्रवेशकमानी होतात. एका खेपेला हाताखाली शिकलेला सुतार पुढच्या खेपेला इतरांना शिकवतो. दगड न वापरता तेराशे वर्षं टिकण्याची ही रीत मला फार थोर वाटते.

एक गोष्ट मात्र झाकून ठेवू नये. मेइजी काळापासून, म्हणजे १८६८ पासून, सरकारने हाच धर्म सम्राटभक्तीसाठी आणि पुढे युद्धासाठी राबवला. डिसेंबर १९४५ मध्ये त्याचा राजाश्रय काढून घेण्यात आला. गावोगावच्या साध्या देवळांवर या काळाचा डाग पडला, याचं मला वाईट वाटतं.

पुढचं स्थलांतर २०३३ मध्ये आहे. तयारी सुरूही झाली आहे. तू त्याच्या आधी ये. नागोयाहून इसेला रेल्वेने दीड तासात पोचतो आपण. भल्या सकाळी निघू, आधी इसेच्या बाहेरच्या देवळात अन्नाची देवी तोयोउके हिचं दर्शन घेऊ आणि मग आतल्या, म्हणजे आमातेरासूच्या देवळात जाऊ. इथे तोच क्रम पाळतात. कुंपणांपलीकडे आपल्याला जाता येणार नाही, छपराची टोकं तेवढी दिसतील. तरीही ये.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
आनंद