कुरुकारुनी-सान वेगळे आहेत

निशिकासाई, तोक्यो
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

प्रिय पक्या,

तुझे तीन मिस्ड कॉल आणि "मेलास का जिवंत आहेस तेवढं कळव" हा मेसेज, सगळं पोचलं. दोन महिने उत्तर दिलं नाही, चुकलंच. फोन केला असता तर तू मधेच काहीतरी अचाट बोलला असतास, मी हसलो असतो आणि सांगायचं ते पुन्हा पोटातच राहिलं असतं. म्हणून कागद. उद्याही सुट्टी आहे, तेव्हा लांबण लागणार. चहा घेऊन बस.

तब्येती: माझं कोलेस्टेरॉल वाढलंय, हिची मान धरते, चिमीचे पुढचे दोन दात पडलेत. झालं.

तर विषय कॉलेज रोडच्या भैयाच्या पाणीपुरीच्या गाडीचा आहे. हो, तोच. सुन्याच्या लग्नानंतर आपण तो काढलेला नाही. पण आधी ओजीसानचं सांगतो, नाहीतर इतक्या वर्षांनी मला गाडी का आठवली ते कळायचं नाही.

ओजीसान म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा. तू आला होतास तेव्हा ज्यांनी तुझे बूट उचलून दाराकडे तोंड करून ठेवले आणि तू "यांनी माझ्या बुटांना हात का लावला" म्हणून अख्खी संध्याकाळ अवघडून बसलास, तेच. उन्हाळ्यात बाल्कनीला जाळी लावून कारल्याचा वेल चढवतात. सावली त्यांना, कारली आम्हाला, कारण त्यांना स्वतःला कडू सोसत नाही. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा नागोयाला आहे म्हणे. 'म्हणे' अशासाठी की अकरा वर्षांत मी त्याला एकदाही पाहिलेला नाही. आणि माझं आडनाव त्यांच्या जिभेवर कधी बसलं नाही. मी त्यांचा कुरुकारुनी-सान.

२०१९ च्या ऑक्टोबरात हागिबिस वादळ आलं (हसू नकोस, नाव खरंच तेच होतं). तेव्हा ते थर्मास आणि बायकोचा फोटो घेऊन आमच्या सहाव्या मजल्यावर आले आणि रात्रभर राहिले. आमचा हा भाग नद्यांच्या मधे, बराचसा समुद्राच्या भरतीच्या पातळीखाली. त्याच वर्षी एदोगावा वॉर्डाने घरोघरी पुराचा नकाशा वाटला होता आणि त्याच्या मुखपृष्ठावर चक्क छापलं होतं, 'इथे राहून चालणार नाही.' पूर यायच्या आत वॉर्ड सोडून बाहेर जा, असा त्याचा अर्थ. त्या रात्री ओजीसाननी मला तो बोट ठेवून वाचून दाखवला. हिने विचारलं, "मग तुम्ही का नाही गेलात?" तर म्हणाले, "कुठे?"

हे सगळं डोक्यात ठेव आणि आता या जुलैत ये. वरच्या सभागृहाची निवडणूक. सकाळी ऑफिसला निघालो तर स्टेशनबाहेर नारंगी टी-शर्ट, नारंगी झेंडे, लाऊडस्पीकर. लांबून मला क्षणभर आपल्या नाशकात शालिमारला मोर्चा निघाल्यासारखंच वाटलं. सानसेइतो पक्षाची सभा. फलकावर 'निहोनजिन फासुतो'. जपानी माणूस आधी. निशिकासाईत अशी सभा! जिथे पंचवीस वर्षं आपले आयटीवाले ठाण मांडून आहेत, जिथे कढीपत्ता मिळतो, ज्या वॉर्डात २०१९ ला योगेंद्र पुराणिक हा आपला मराठी माणूस नगरसेवक म्हणून निवडून आला. आणि गर्दीत, उन्हाची टोपी घालून, हातात पत्रकांचा गठ्ठा धरून ओजीसान.

त्यांनी मला पाहिलं. सटकायला दोघांनाही जागा नव्हती. मग ते पुढे आले, मशीनमध्ये नाणी टाकून बार्लीच्या थंड चहाची बाटली काढली, दोन्ही हातांनी मला दिली, वाकले आणि म्हणाले, "कुरुकारुनी-सान वा चिगाउ कारा." कुरुकारुनी-सान वेगळे आहेत ना.

पक्या, मला राग यायला हवा होता. मला पुदिन्याचा वास आला.

फेब्रुवारी २००८. मारहाणीला घाबरून उत्तरेकडे परत निघालेली, नाशिकरोड स्टेशनवर गाठोडी घेऊन बसलेली माणसं आपण मंदारच्या स्प्लेंडरवरून ट्रिपल सीट जाऊन बघून आलो होतो, सर्कस बघितल्यासारखी. त्या संध्याकाळी कॉलेज रोडला पाणीपुरी खाताना मीच भैयाला म्हणालो होतो, "भैया, तुम टेन्शन मत लो. तुम अपने आदमी हो. वो लोग अलग." त्याने मला एक सुकी पुरी जास्त दिली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी पोरं आली, आपण त्यांच्यात होतो, आणि गाडी आडवी झाली. माठ फुटला, तो हिरवा पाण्याचा लोट माझ्या चपलेत शिरला. उकडलेले बटाटे उतारावरून घरंगळत पार झेरॉक्सवाल्यापर्यंत गेले. आणि तो ओरडला नाही रे. त्याने आधी वाकून स्टोव्ह बंद केला. आपल्यापैकी कुणाचा पाय भाजू नये म्हणून, की रॉकेल वाया जाऊ नये म्हणून, देव जाणे.

सुन्याच्या लग्नात तू हा किस्सा टेबलावर रंगवून सांगत होतास आणि मी म्हणालो, "मी पानाच्या टपरीवर होतो, मी काही बघितलं नाही." तू माझ्याकडे नुसतं बघितलंस. नंतर बाहेर स्कूटरपाशी मला 'साला सभ्य' म्हणालास आणि आठ महिने आपण एकमेकांचा फोन उचलला नाही. हिलाही मी पानाची टपरीच सांगितलेली आहे.

डावं चाक मी धरलं होतं. तू नुसता ओरडत होतास. घे, लिहून दिलं.

आता तू म्हणशील, मग त्या म्हाताऱ्याला चार शब्द सुनवायचे होतेस. कुठल्या तोंडाने? आणि दुसरं म्हणजे, त्यांचं काय दुखतंय ते मला दिसतं. जूनमध्ये मी त्यांच्या मागे तांदळाच्या रांगेत उभा होतो. इथे तांदळाचा भाव वर्षभरात दुप्पट झाला, पाच किलोची पिशवी चार हजार येनच्या वर. जपानी माणसाला तांदूळ महाग होणं म्हणजे काय, आपल्याकडे कांद्याने सरकारं कशी हलतात ते तुला माहीत आहे, त्याच्या दुप्पट धर. त्यात कृषिमंत्री एतो म्हणाले, मी कधी तांदूळ विकत घेतलाच नाही, समर्थक इतका देतात की घरी विकण्याइतका साठलाय. तीन दिवसांत राजीनामा! (आपल्याकडे असते तर त्याच तांदळाचा सत्कार झाला असता.) नवीन मंत्री कोइझुमींनी सरकारी साठ्यातला जुना तांदूळ पाच किलोला दोन हजारांच्या आसपास बाजारात आणला, त्याची ही रांग. घरटी एक पिशवी. ओजीसान शहात्तर वर्षांचे, छत्री टेकत उभे. पुढे कुणीतरी परदेशी जोडपं होतं, ते आपसात मोठ्याने बोलत होते, इतकंच. ओजीसान त्यांच्याकडे बघत राहिले. आयुष्यभर छापखान्यात उभं राहून काम केलेला माणूस, पेन्शन पुरत नाही, मुलगा येत नाही, आणि रांगेत पुढे कोण तर हे. तांदळाचा आणि त्या जोडप्याचा संबंध काय? काहीच नाही. सातपूरची कंपनी बंद पडायचा आणि पाणीपुरीचा तरी काय होता?

बाकी हवा एकूण तशीच आहे. त्या नारंगीवाल्यांच्या २० जुलैला चौदा जागा आल्या. ऑक्टोबरपासून ताकाइची बाई पंतप्रधान आहेत, देशाच्या पहिल्या. पक्षाध्यक्ष झाल्या त्या दिवशी "काम करीन, काम करीन" असं सलग पाच वेळा म्हणाल्या. माझा मॅनेजर ते आता दर सोमवारी आम्हाला म्हणून दाखवतो. त्याआधी प्रचारात त्यांनी परदेशी लोक नाराच्या हरणांना लाथा मारतात हा विषय काढला होता. मी आजवर हरणाला लाथ मारलेली नाही. उलट नाराच्या एका हरणाने माझ्या खिशातला नकाशा खाल्लाय, त्याची तक्रार कुठे करायची सांग. उन्हाळ्यात आणखी मजा. समोरच्या किनाऱ्यावरच्या किसाराझू शहराला नायजेरियाचं 'होमटाऊन' असं नुसतं नाव दिलं, देवघेवीच्या कार्यक्रमासाठी. अफवा उठली की हजारो नायजेरियन कायमचे राहायला येणार. पालिकेत फोनवर फोन. सप्टेंबरअखेर सगळी योजनाच गुंडाळली. आणि कोपऱ्यावरच्या करीवाल्याची झोप उडालीय. धंद्याच्या व्हिसासाठी लागणारं भांडवल पन्नास लाख येनवरून एकदम तीन कोटी केलं, म्हणजे आपले पावणेदोन कोटींच्या आसपास. जुन्या लोकांना तीन वर्षांची सवलत आहे. तीन कोटींचे नान भाजायचे म्हणजे किती, त्याचा हिशोब तो गिऱ्हाइकांना करायला लावतो.

आपल्या लोकांचं ऐकायचंय? मंडळाच्या दिवाळी फराळाला मी चकली खात होतो आणि चार जण बोलत होते. ते कुर्द असे, ते व्हिएतनामी तसे, आपण कसे टॅक्स भरतो, कचरा वेगळा करतो, आपल्यामुळे कुणाला त्रास नाही. "आपण वेगळे." अगदी शुद्ध मराठीत. मी मान डोलावली. चकली चांगली झाली होती.

आता मूळ कारण. जुलैनंतर ओजीसान आणि मी लिफ्टमध्ये भेटलो तर फक्त हवेबद्दल बोलायचो. या वर्षी कारली आली नाहीत. मला वाटलं राग, नंतर कळलं वेलच लावला नव्हता, कंबर चालत नाही. परवा बुधवारी रात्री साडेआठला बेल वाजली. दारात ओजीसान, कोट-टाय घालून. हातात पर्सिमनची पिशवी आणि पारदर्शक फाइल. आत यायला तयार नाहीत. हिने ओढूनच आणलं.

कंबरेची शस्त्रक्रिया आहे. हॉस्पिटलच्या फॉर्मवर 'होशोनिन' लागतो, जामीन. बिल थकलं तर भरणारा आणि माणूस गेला तर येऊन घेऊन जाणारा. मुलाचं नाव का नाही, हे मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. टेबलाकडे बघत म्हणाले, "तुम्हाला फार त्रास देतोय." मला हसू येईल की काय अशी भीती वाटली. २०१४ मध्ये मी घर शोधत वणवण फिरत होतो तेव्हा प्रत्येक एजंट हेच विचारायचा, जपानी जामीन आहे का? नाही म्हटलं की फाइल बंद. म्हणून तर या दानचीत, म्हणजे सार्वजनिक वसाहतीत आलो, इथे जामीन लागत नाही. आणि आता जपानी माणूस आधी म्हणणारा म्हातारा माझ्या दारात जामीन मागायला.

चिमीने त्यांना पडलेले दात दाखवले. त्यांनी तिला आपली कवळी काढून दाखवली. दोघं खिदळत होते आणि मी फॉर्म वाचतोय असं दाखवत होतो.

ही म्हणते, "सही कर, विचार कसला करतोस?" तिला पत्रकांचं माहीत आहे. ती म्हणते, त्यांना चारचौघांनी सभेला नेलं असेल, तिथे निदान कुणीतरी बोलतं त्यांच्याशी. असेल. २०२४ साली या देशात घरात एकटे राहून मेलेली माणसं पोलिसांनी मोजली, ती निघाली ७६,०२०. आमच्या बिल्डिंगमध्ये वर्तमानपत्र दाराशी साचलं की बेल वाजवायला जाणारे ओजीसानच होते.

काल रात्री सही केली. माझा हांको, सहीचा शिक्का, तू बघितला आहेस ना, 'कु-रु-का-रु-नि' पाच अक्षरं त्या चण्याएवढ्या गोलात कोंबताना दुकानदाराला घाम फुटला होता तो? तोही उठवला, जरा तिरका आला. नाव, पत्ता, फोन, सगळं भरलं. एकच रकाना राहिलाय. 'रुग्णाशी नातं.' शेजारी लिहिलं तर हॉस्पिटलवाले नाक मुरडतात म्हणे. ओळखीचा? मित्र? पेन्सिलने मित्र लिहिलं, खोडलं. तिथे कागद आता काळपट झालाय. मंगळवारी फॉर्म द्यायचाय.

तुझ्याबद्दल काहीच विचारलं नाही. आक्काचं मोतीबिंदूचं झालं का? कुंभासाठी सगळे रस्ते खोदलेत असं ऐकलं. गावात बिबटे येतात म्हणे. इथे अस्वलं आहेत, आकिताला लष्कर बोलावलंय, तेव्हा टेंभा मिरवू नकोस. अंबडला तुझ्या शॉपमधली पोरं छठहून परतली की अजून गोरखपूरलाच? लेथ बंद पडली की मला फोन करून रडतोस आणि माझं मात्र ऐकत नाहीस.

एक काम कर. भैया दोन आठवड्यांनी परत आला होता, आठवतं? नवा माठ. आपण गेलो, त्याने काही न बोलता द्रोण पुढे केले, आपण खाल्लं, पैसे दिले. त्यानंतर दोन वर्षं खाल्लं असेल त्याच्याकडे. परवा रात्रभर आठवत बसलो, त्याचं नाव काय होतं? मला नाही माहीत. तुला आहे? तो अजून तिथे उभा असेल, किंवा त्याचा मुलगा, तर विचारून ये. काही बोलू नकोस, नुसतं नाव विचार. मंगळवारच्या आत जमलं तर बघ.

तुझा,
कुरुकारुनी

ता. क. वहिनींना पत्र दाखवलंस तरी हिला लगेच फोन करू देऊ नकोस. पानाच्या टपरीचं मी आज रात्री चिमी झोपली की सांगणार आहे.